सातवं प्रकरण

सहा प्रकरणं मी दगाजीच्या हातात हातोडा ठेवला.
त्याचं दुकान, त्याचा आवाज, बिलबुकावर त्याचं नाव.
निवृत्ती नुसता हंडा धरून बसायचा
खरवईवर, मान खाली,
आणि मला वाटायचं, याला वर आणायचं
तर आधी दगाजीला पाडावं लागेल:
अर्धांगवायू, कोर्टकज्जा, नाहीतर
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलेला पूर.
तिन्ही लिहून पाहिले. तिन्ही फाडले.

मग एका मंगळवारी तांबट आळीत
उगाच उभा राहिलो, पिशवीत मेथीची जुडी.
एकजण मठारत होता. दुसरा
हंडा फिरवत होता, बोटभर, बोटभर,
आणि हातोडा आपला
तो दाखवील तिथे पडत होता.

घरी येऊन एकच वाक्य लिहिलं:
निवृत्ती हंडा फिरवायचा थांबला.
पुढचा ठोका त्याच जागी.
त्याच्या पुढचाही.
तांबं पातळ होत गेलं
आणि दगाजीने पहिल्यांदाच
मान वर करून विचारलं, “काय रे?”

तेवढ्या “काय रे”त दुकान हललं.

आता अकरा दिवस झाले,
निवृत्ती बोलत नाही.
मी संवाद पुढे करतो, चांगले, धारेचे;
तो बघतो, घेत नाही.
खाली बोहरपट्टीतली शटरं पडतात,
वही उघडी, पेन माझ्याच हातात,
आणि कुठल्या ओळीवर पडायचं
ते तो वही फिरवून
दाखवतो.