नावं ठेवणे

मंगळवारी साडेसातला
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही अकरा जण खुर्च्या मांडतो.
हीटर खोकतो, किटली शिट्टी घालते,
आणि बाहेर मोरकमचा उपसागर
मैल-दोन मैल मागे सरून बसलेला असतो,
कुणी काही बोलल्यासारखा.

माझा पहिला फोटो सूर्यास्ताचा.
मिरजेत तो बावीस जणांना आवडला होता,
धाकट्या जावेनं मोबाइलवर लावला होता.
नॉर्मन क्रॅग उठले, चष्मा कपाळावर,
नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले.
"सुंदर आहे," म्हणाले,
आणि मी हसायच्या बेतात असताना,
"सूर्य सुंदरच असतो. यात तुम्ही काय केलंत?"

बस समोर उभी होती, तरी मी चालत घरी आले.
वारा कानात शिरत होता
आणि मी मनातल्या मनात मराठीत भांडत होते,
कारण भांडायला मला इंग्रजी पुरत नाही.
मोठा आलाय शहाणा!
जन्मभर लोकांच्या घरी गॅसच्या शेगड्या बसवल्या यानं.

आमच्याकडे याला नावं ठेवणं म्हणतात.
पंगतीत कढीला, विहिणीच्या शालूला,
दुसऱ्याच्या पोरीच्या उंचीला.
माझ्या आत्याचा त्यात हातखंडा.
एका घासात चार नावं ठेवून
वर पुन्हा वाटीभर कढी मागून घ्यायची.
ती नावं कढीला कधी कळली नाहीत.
ती आपली पातळच राहिली.

क्रॅग मात्र नाव तोंडावर ठेवायचे,
बारशाला ठेवतात तसं,
आधी चेहरा नीट निरखून.
"हा खांब बाईंच्या डोक्यातून उगवलाय."
"इथे अर्धा कुत्रा आहे. अख्खा घ्या, नाहीतर जाऊ द्या त्याला."
"एक पाऊल पुढे व्हा. अजून एक. घाबरता कुणाला?"

घाबरत होते, हे मला तेव्हा कळलं.
धक्क्याजवळ कोळंबी सोलत बसणाऱ्या बाईला
काढू का, एवढंच विचारायचं होतं,
त्यात तीन आठवडे गेले.
ती म्हणाली, "हातांचा काढ. तोंडाचा नको."
हातांचा काढला. बोटांवर मिठाच्या चिरा.
क्रॅग बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "बादली काप."
कापली. त्यांचं बरोबर होतं.
मला राग आला, तोही काही चूक नव्हता.

मार्चमध्ये त्यांचा स्वतःचा फोटो लागला.
ओल्या वाळूवर जाळं ओढणारा ट्रॅक्टर,
मागे पाण्याची रेघ,
आणि ती रेघ डावीकडे उतरत गेलेली.
जानेवारीतल्या बोटीमागची अशीच होती,
फेब्रुवारीतल्या बाकामागचीही.
"लव्हली, नॉर्मन," डोरीन म्हणाली.
बिस्किटांची बशी फिरली.
हा तोंडदेखला गोडवा माझ्या ओळखीचा.
औषधाच्या दुकानात मी तो रोज
गोळ्यांबरोबर पिशवीत घालून देते.

मी हात वर केला.
"समुद्र सांडतोय," म्हणाले. "डावीकडे."

कुणाच्या तरी कपातला चमचा थांबला.
क्रॅगनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पडद्याकडे पाहिलं,
मग मान कलती करून पाहिलं.
"किती?"
"बोटभर. जानेवारीपासून."
"जानेवारीपासून," ते म्हणाले,
आणि बाकीच्या नऊ जणांकडे पाहिलं,
एकेकाकडे, रागानं नव्हे.
"मला तो सरळ दिसतो."

पुढचे फोटो भराभर उरकले.
त्या दिवशी कुणाच्याच फोटोत
कुणाला काही खुपलं नाही.

खुर्च्या रचताना ते माझ्या शेजारी आले.
बाहेर पाणी परतत असावं;
इथे ते आवाज न करता येतं,
आणि पाठीमागून.
"डोळ्यांचं कोण बघतं, चांगलं?"
मी नाव सांगितलं.
त्यांना ऐकू आलं नाही, की राहणार नव्हतं लक्षात,
म्हणून पावतीच्या पाठीवर लिहून दिलं,
मोठ्या अक्षरात,
ओळ सरळ आलीय ना
हे दोनदा पाहून.