खाच

ही तिसरी पुली.
पहिली द्वारका सर्कलला गेली,
दुसरी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, रात्री पावणेदहाला.
आधी बॅटरीचा लाल दिवा, मग स्टीअरिंग दगड,
मग बॉनेटखाली कुणीतरी ताटली भिरकावली.

दोन्ही वेळा दुकानदाराला शिव्या घातल्या.
डुप्लिकेट माल. रबर कच्चं.

या खेपेला ओरिजिनल, पावतीसकट.
अंबडच्या खैरनार मिस्त्रींनी ती हातातही घेतली नाही.
गाडीखालून म्हणाले, "बोट द्या इकडं."
क्रँकच्या नाकावर चावीची खाच,
तिच्यात माझं बोट हललं
सैल दातासारखं.

"पुली बिचारी काय करेल?
खाच रुंदावलीय. बोल्ट कुणीतरी
अंदाजानं आवळत आलंय."

कुणीतरी.
एक हिसका, वर अजून एक,
आणि 'बास, बसला' म्हणणारा
बावीस वर्षं मीच.

इंजिन उतरवायचं, नाक भरायचं, खाच नवी पाडायची.
आकडा त्यांनी खडूनं पत्र्यावर लिहिला.
भंगारवाला याच्या निम्मे देतो.
"उतरवा," म्हणालो.

परतताना सिटी बसमध्ये
मांडीवर वेष्टनातली पुली.
सुट्ट्या पैशांसाठी खिशात हात घातला,
तर बोटाला अजून
ती खाच लागत होती.