खडू

इचलकरंजीचा पारिस मगदूम, सुताचा व्यापारी,
उद्यमनगरात गाडी लावून बाजूला झाला.
म्हणाला, काका, लडाख एकदा झालं, आता कंबर नको म्हणते.
वजन दोनशे अठ्ठेचाळीस किलो. टाकी तेवीस लिटर.
मी चष्मा पुसला.

एकतीस वर्षं फाउंड्रीत मी नकार देण्याचा पगार घेतला.
गार झालेलं ओतीव टेबलावर यायचं,
हातोडीनं हलकं वाजवायचं, कान द्यायचा.
खणखणलं तर जा बाबा,
बद्द वाजलं तर लाल खडूची फुली
आणि परत भट्टीत.
माझ्या हातून सुटलेला माल ब्राझीलला गेला, जर्मनीला गेला.
मी निपाणीच्या पुढं गेलो दोनदा,
दोन्ही वेळा लग्नाला.

खडू अजून खिशात असतो.

उकिडवा बसलो. गुडघा बोललाच.
इंजिनाचं ओतकाम स्वच्छ,
जोडाची रेघ केसाएवढी, कुठं फुगा नाही.
पोटाखालची ढाल दगड खाऊन चेमटलेली.
हे बरं. मार तिनं खाल्ला, आतल्यानं नाही.
मग चाकांच्या तारा पान्यानं एकेक वाजवत गेलो.
मागच्या चाकात एक बद्द.
खडू काढला, तर दस्तगीर मिस्त्री म्हणतो,
ढिली हाय ओ, तुटकी न्हाई. आवळली की गाईल.

ढिलं आणि तुटकं.
नोकरीत हा फरक मला कुणी विचारलाच नव्हता.

सीट उंच. टेकतात ते चवडेच.
शिवाजी पुलापर्यंत मी तिला नेत होतो,
वडणग्याच्या फाट्यापुढं ती मला.
केर्लीजवळ उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
वर कर्णे लावलेले, वाट देईना.
पंखा सुरू झाला. उजव्या नडगीला भट्टीची हवा.
मनात नोंदवलं: उष्णता, जास्त.
समोर ट्रॅक्टरचा मागचा आस हलत होता.
त्याच्या घराचा खांदा मला ओळखीचा वाटला.
आमचा असेल. नसेलही.
वीस टन ऊस ओढत होता, कुरकुर नाही.
कधीतरी एखाद्या सकाळी, चहाच्या आधी,
मी त्याला जाऊ दिलं असणार.

वाघबीळला रसवाल्यापाशी थांबलो
आणि डावा पाय खडीवर पडला.
गाडी अगदी सावकाश गेली, झोपायला जावी तशी.
पाठ लावली, हँडल धरलं, मांड्यांनी रेटलं.
हलली. उठली नाही.
रसवाला हात पुसत आला, म्हणाला, एकट्यानं न्हाई व्हायचं, मामा.
दोघांनी उभी केली.
त्यानं रसाचे पैसे घेतले, उचलण्याचे नाही.

परत आलो तेव्हा खिशातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते,
आणि नकाराचं सगळं तयार होतं:
उंची, वजन, उष्णता, ती तार.
घर मागच्याच गल्लीत. शालन डबा घेऊन आली होती.
कुणाला न विचारता पदर खोचून मागच्या सीटवर चढली,
दोन्हीकडं पाय टाकून,
पेटीला पाठ टेकवून बघितली,
पेटी उघडून बघितली. डबा बसतो.
मग आरशावरचा चिखल बोटानं पुसला.

पाडलीत न्हवं?
वाघबीळला.
आणि उचलली कुणी?
दोघांनी.
मग आपण दोघंच हाय की.

मगदूम किमतीचं काही बोलू लागला.
शालननं माझ्या हातातून खडूचा तुकडा घेतला,
खाली उतरली, वर्कशॉपच्या फरशीवर मोठ्ठा आकडा लिहिला:
दोनशे.
दिवसाला एवढेच किलोमीटर. त्यापुढं मी बसायची न्हाई.

कन्याकुमारीचा हिशेब करायला मी कागद शोधला.
नव्हता. मागच्या चाकाशी बसलो,
पाना लावला.
दस्तगीर वरून बघत होता.
अजून, म्हणाला. अर्धा फेरा.