शून्य की ओ

बॉनेट वर केलं, उजव्या अंगाला
बॅटरीच्या मागं बोट घातलं.
आधी रॉकेल, मग पॉलिश पेपर, मग नख.
गंज सुटला तसा एकेक आकडा
झोपमोड झाल्यासारखा वर आला.
सातव्यावर मुजावर थांबला.
"भरमाण्णा, ह्यो ओ हाय का शून्य?"

कागदावर ओ आहे.
पणजीच्या कुठल्याशा टायपिस्टच्या मशीनला
शून्याची कळ तुटलेली असेल,
किंवा दुपार झाली असेल, आमटी गार होत असेल.
त्याच्या आधीचा कागद पोर्तुगीज, शाईनं लिहिलेला,
त्यात त्याच जागी सहा,
खरं तो सहा म्हणजे शेपूट फुटलेलं शून्यच.

गाडी ओपेल, अठ्ठावन्नची.
मुरगावच्या धक्क्यावर उतरली तेव्हा
आपल्याला गोव्यात शिरायला परवाना लागायचा.
मी घेतली म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडून.
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
दोरखंडानं टेम्पोवर बांधून चोर्ल्याचा घाट चढवली,
कणकुंबीत ड्रायव्हरला चहा पाजला,
आणि उद्यमबागेत, माझ्या लेथच्या शेडमध्ये उभी केली.
चार वर्षं झाली.

आरटीओत हुक्केरीसाहेब. माणूस वाईट नव्हे.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"कंप्यूटर सतरा मागतोय री. तुमचे बाराच."
त्या काळात एवढेच असायचे, साहेब.
"मला ठाऊक आहे. त्याला नाही."
मग पुढं पाच शून्यं लावून बघितली,
तर मशीन म्हणालं, अशी गाडी अस्तित्वात नाही.
माझ्या नखांत तिचं ग्रीस होतं.
हल्लीच्या नंबरात म्हणे ओ घेतच नाहीत,
घोटाळा होतो म्हणून.
आमचा घोटाळा त्या नियमाच्या आधीचा.
"नाळे बर्री," साहेब म्हणाले.

मला ह्याचा राग येत नाही.
शाळेच्या दाखल्यावर मी भरमाण्णा कडोलकर,
मतदार यादीत ब्रह्मण्णा,
रेशन कार्डावर नुसता भरमा, आडनाव पुढच्या घराला चिकटलेलं.
तिघांचं रेशन मी एकटाच खातो.
खरं मला निदान विचारलं तर सांगता येतं.

एका गुरुवारी हुक्केरीसाहेब स्वतः आले.
पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या,
चेसिसवर पातळ कागदाची पट्टी चिकटवली,
शिसपेन्सिल आडवी धरून घासू लागले,
हलक्या हातानं, पोराचा ताप बघावा तसं.
लेथ मी बंद केलं होतं.
शिशाच्या काळ्यातून आकडे पांढरे उमटत गेले.
सातवं आलं. लांबट. वरून थोडं चेपलेलं.
"सोन्ने," ते स्वतःशीच म्हणाले.
मग माझ्याकडं बघून, "शून्य."
मग पट्टी उजेडात धरून बराच वेळ गप्प.
जर्मनीत कुणी हातोडा मारला असेल त्यावर,
सकाळच्या पाळीत की रात्रीच्या,
त्याला काय ठाऊक
बेळगावात दोन माणसं त्याच्या ठोक्यावर वाद घालतील.

पट्टी फायलीत गेली. फाईल पणजीला गेली.
तिथून उत्तर आलं: मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं आहे,
संबंधित पानाचा डावा भाग उपलब्ध.
नंबर उजव्या भागात होता.

तर सध्या असं आहे.
रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा
मुजावर येतो, त्याची नात येते,
ताडपत्री काढतो, चोक ओढतो,
तिसऱ्या खेपेला इंजिन खोकून बोलू लागतं.
शेडपासून गेटपर्यंत तीस फूट.
तीस फूट पुढं, तीस फूट मागं.
नात हॉर्न वाजवते, समोर कुणी नसताना.
गेटच्या आत नंबर लागत नाही.