तीन सकाळी अन् थोडं

दर्शनाचा नर्सिंगचा कोर्स झाला,
आता आर्वीला जर्मनच्या क्लासला जाते.
घरी येऊन चुलीपाशी मोठ्यानं घोकते.
मांजरही आता कान हलवत नाही.

"बाबा, मॉर्गन म्हणजे सकाळ.
अन् मॉर्गन म्हणजेच उद्या."
"मंग उद्या सकाळी कसं म्हनतेत?"
"मॉर्गन मॉर्गन नाही म्हणत. मॉर्गन फ्र्यू.
उद्या, लवकर."
मी म्हटलं, आपला सोमा उईके
सकाळी येतो म्हनते,
तवा तो उद्याच येते.
कधी कधी परवा.

तिचे सर सांगतात, शब्द फार जुना,
मुळात अंधारात काही लुकलुकलं असेल, त्याचा.
नक्की कोणालाच ठाऊक नाही.
मला एवढंच ठाऊक,
पहाटे धुऱ्यावर उभं राहिलं
की आधी शिंगं दिसतात,
मग बैल.

एकतीस वर्षं मी शाळेत तास दिला.
निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, हातात लोखंडी खुंटी.
टोल पडला की गणित संपायचं
आणि पोरं भूगोलाचं पुस्तक शोधत बसायची.
रविवारी नांगरामागं, तासातून चालायचो.
दोन्हींचं नाव एक कसं,
कोणाला विचारावं असं कधी वाटलं नाही.
शाळेत आता बटणाची बेल आहे.
रूळ भंगारवाल्यानं नेला, किलोच्या भावानं.

परवा ती आणखी एक अर्थ घेऊन आली.
तिकडं जुन्या काळी जमीनसुद्धा मॉर्गनमध्ये मोजत,
एका सकाळी एक औत नांगरेल तेवढी.
माझा घास हातातच राहिला.
"मंग आपलं वावर किती?"
दोन एकर. तिनं मोबाइलवर हिशेब केला.
"तीन सकाळी," म्हणाली, "अन् थोडं."

आज व्हिसाचा कागद आला.
कवा निघतं, विचारलं.
"मॉर्गन," ती म्हणाली, आणि हसली नाही.

तुरीत डुक्कर शिरलं का पाहतो, असं सांगून
बॅटरी घेऊन वावरात आलो.
तीन सकाळी समोर सरळ पडल्या आहेत,
कोणीही नांगरेल.
ते थोडं कुठं आहे ते शोधत होतो.
विहिरीच्या अंगाला सापडलं, कोपऱ्यात,
जिथं औत वळत नाही
आणि न पेरता दर साली
अंबाडी येते.