वजनावर घेतलेली गाणी

चोपड्याला, गल्लीच्या तोंडाशी,
गेंदालाल लखारी शेगडीपुढे बसायचा,
एक डोळा गिऱ्हाइकावर, एक धगीवर.
लाख जास्त तापली तर रुसते, म्हणायचा,
कमी तापली तर खोटं बोलते.

मी समोरच्या शिंप्याची.
भाता फिरवायचे मला पाच पैसे.

लाख यायची सातपुड्यातून.
लासूरच्या बाजारात पावरा बाया
पळसाच्या काड्या मांडून बसायच्या,
काडीवर तांबडी खपली,
खपलीत लाखभर किडे, म्हणून लाख,
हिशेब सोपा.
मला किळस यायची, तरी बांगड्या हव्याच असायच्या.

एका वर्षी काड्यांना खपलीच धरली नाही.
तेव्हा भंगारवाला सुपडू घेऊन आला
पोतंभर फुटक्या तबकड्या,
बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या.
"ह्या बी लाखन्याच शेतस, भाऊ."
गेंदालालने तुकडा दाताखाली धरला. थुंकला.
"यामा निम्मा दगड शे."
तरी सात किलो घेतल्या.

तव्यावर आधी कडा वाकल्या,
मग चरे पुसत गेले:
एक बाई, एक सारंगी,
कुणाचा तरी दाबलेला खोकला.
हे आपलं मी मनाने म्हणते.
वास मात्र खरा होता,
राळेवर इस्त्री टेकवल्यासारखा.

मग शिसवी साचा. तेलाचा हात. दाब.
आरशाच्या चौकटी निघाल्या, माथ्यावर मोर,
काळाकुट्ट, पिसाऱ्यात वाळूची कचकच.
लग्नसराई कोरडी गेली.
काळा मोर कोण मांडेल रुखवतात?
माझे तीन आठवड्यांचे पैसे थकले होते,
त्यापोटी मला एक मोर मिळाला.

अजून आहे.
मागच्या अंगाला एक तुकडा नीट विरघळलेला नाही,
नखाएवढे चरे शाबूत.
बाबांच्या मशीनची सुई धरून पाहिली एकदा,
कागदाची पुंगळी कानाला लावून.
खर्र झालं.
पुन्हा धरली, पुन्हा खर्र,
पण जरा वेगळं.
तिसऱ्यांदा धरली नाही. चरा झिजेल म्हणून.

आरसा कधीच फुटला, चौकट रिकामी टांगलीय.
मे महिन्यात, पत्रा तापला की,
मोराची मान किंचित खाली येते.
मी ती माठातल्या पाण्याने ओली करते,
दोन बोटांनी उचलून धरते,
घट्ट होईपर्यंत.
तेवढा वेळ काहीच करता येत नाही,
दारात कुणी आलं तरी.