माया

माझ्याकडे फोटो नाही त्याचा.
मापवही आहे.

खडकी बाजार, रेळेकर टेलर्स.
दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की मी शटर वर करतो,
तसा तेव्हाही करत होतो.

निनाद कुदळे, बोपोडी.
पहिली नोंद नववीतली, एनसीसीची खाकी पँट.
कंबर चोवीस, उंची छत्तीस.
आई सोबत होती. म्हणाली,
"माया भरपूर सोडा हं, पोरगं वाढतंय."
मी दोन बोटं जास्तच सोडली.
दिवाळीला उसवली, शिमग्याला परत उसवली,
मे महिन्यात सोडायला आत काही उरलंच नाही.

पुढे शेरा, माझ्याच अक्षरात:
डा. खां. पाऊण इं. उतरता.
पहाटे पेपरची थैली डाव्या खांद्यावर,
हॅरिस पुलापासून रेंजहिल्सच्या क्वार्टर्सपर्यंत,
चार वर्षं.
त्याच्या शर्टात त्या बाजूला मी
कापडाची एक घडी जास्त घालायचो. कुणाला कळायचं नाही.
भरतीच्या आदल्या दिवशी विचारत होता,
"काका, खांद्यावरून पकडतील का हो?"
मी म्हणालो, छाती फुगव. खांदे कोण बघतं?

उगाच गुणाचा होता म्हणणार नाही.
एकदा भांडला. पँट नळकांडीसारखी हवी होती,
सायकलवर टांग टाकताच फाटली,
आणि म्हणे फुकट शिवून द्या.
दिली नाही मी.
ते साठ रुपये आजही वहीत दिसतात,
पुढे बरोबरची खूण.

ट्रेनिंगहून आला तेव्हा छाती अडतीस.
पानावर जागाच नव्हती, मागच्या बाजूला लिहिली.
टेप धरून हसत उभा, शेजारचा ब्रेड पॅटिस तोंडात.
"श्वास सोड," म्हटलं, "खरं माप दे."
तर म्हणाला, "हेच खरं आहे आता."

बहिणीच्या लग्नासाठी बंदगळा टाकला होता.
निळा, रात्री पाहिला तर काळाच वाटेल असा.
पावती चारशे सतरा. ट्रायलला आला नाही,
सुट्टी रद्द झाली. फोनवर खरखर, मधेच वारा.
"काका, ट्रायल राहू दे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

मग तो ट्रक आला, झेंडूने मढवलेला.
बाजार बंद. घोषणा. शाळेतली पोरं रांगेत.
मी शटर अर्धं खाली ओढून आत उभा राहिलो,
गळ्यात टेप तशीच.

चौकात फ्लेक्स लागला, दुमजली.
चेहरा त्याचाच, कुठल्याशा ओळखपत्रावरून उचललेला,
खाली चिकटवलेला गणवेश दुसऱ्या कुणाचा.
कॉलर मानेला सोडून उभी,
आणि खांदे, दोन्ही, पट्टीने आखल्यासारखे सरळ.
वर्षाने पुतळा बसला कमरेपर्यंतचा.
तोही सरळ.
उद्‌घाटनाला मूर्तिकार शेजारीच उभा होता.
सांगावं वाटलं. भाषण चालू होतं.

लग्न पुढे ढकललं होतं, ते यंदा आलं.
परवा वडील आले पावती घेऊन,
चार घड्या पडलेली, पाकिटात जपलेली.
बंदगळा उघडून बघितला, अस्तरावरून हात फिरवला.
मग काच्या पुढे जाऊन घातला अंगात.
बाह्या बोटांवर आल्या. पाठीत हवा शिरली.
"मला होईल का?" म्हणाले. "बारीक करून?"

होईल म्हणालो.
रात्री दिवा ओढून घेतला. कात्री हातात घेतली,
खाली ठेवली.
कापलं नाही कुठेच.
बाजू आत दुमडल्या, बाह्या आत वळवल्या,
जादाचं सगळं कापड आतल्या आत बसवून
मोठे, कच्चे टाके घातले,
कधीही एका ओढीत निघतील असे.
डाव्या खांद्यातली घडी होती तिथेच राहू दिली.

शिलाई विचारली त्यांनी.
त्याने आगाऊ दिली होती, म्हणालो.

वहीत मात्र बाकी आहे.